बोट ट्रेलरचा सर्ज ब्रेक ॲक्च्युएटर घरच्या घरी कसा बदलायचा

सिग्नलला ब्रेक दाबला की मागून ठक्क असा आवाज येतो, ट्रेलर गाडीला ढकलतोय असं वाटतं, किंवा पुढच्या कपलरच्या खाली तेलकट ओल दिसते. यातलं एक जरी होत असेल तर सर्ज ब्रेकच्या ॲक्च्युएटरकडे, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाला असलेल्या ब्रेक लावणाऱ्या संचाकडे, बघायची वेळ आलीये. इथे ह्यूस्टनच्या बाजूला, गॅल्व्हेस्टन बेच्या खाऱ्या पाण्यात ट्रेलर बुडवणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येतेच, आणि आपल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण आता सेकंडहँड बोटी घेतायत, त्यांना बोटीबरोबर जुना गंजका ट्रेलर पण मिळतो, म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय.

आधीच सांगतो, नटबोल्ट काढून नवीन बसवणं हा या कामातला सोपा भाग आहे. काम बिघडतं ते दोनच ठिकाणी, चुकीचा ॲक्च्युएटर मागवल्यामुळे आणि शेवटी ब्रेक लाइनमधली एअर नीट न काढल्यामुळे. म्हणून या दोन गोष्टींवर मी जास्त लिहिणार आहे.

हे चालतं कसं

सर्ज ब्रेकला गाडीतून वायर किंवा कंट्रोलर लागत नाही (डिस्क ब्रेकवाल्यांना एक वायर लागते, ती पुढे येईल). कपलर म्हणजे हिचच्या बॉलवर बसणारं तोंड, ते एका स्लाइडवर असतं आणि ती स्लाइड बाहेरच्या केसमध्ये पुढेमागे सरकते. तुम्ही गाडीचा ब्रेक दाबला की गाडी हळू होते पण ट्रेलर आपल्या वजनाने पुढे येत राहतो, त्यामुळे स्लाइड केसमध्ये आत जाते, तिथला पुशरॉड मास्टर सिलिंडर दाबतो आणि ब्रेक फ्लुइडचं प्रेशर चाकांपर्यंत जातं. म्हणजे ट्रेलर जितका जोरात ढकलेल तितका त्याचाच ब्रेक लागतो. आत एक छोटा शॉक ॲब्सॉर्बर पण असतो, तो गचके कमी करतो, आणि तो गेला की ठक्क ठक्क सुरू होतं. बोटीच्या ट्रेलरला ही सिस्टिम का, तर ट्रेलर पाण्यात बुडतो आणि इलेक्ट्रिक ब्रेकचे मॅग्नेट नि वायरिंग खाऱ्या पाण्यात टिकत नाही.

कायद्याचं म्हणाल तर राज्याराज्यात फरक आहे. टेक्ससमध्ये एकूण वजन ४,५०० पौंडांच्या वर गेलं की ट्रेलरला ब्रेक लागतात, आणि कॅलिफोर्नियासकट बऱ्याच राज्यांत ३,००० ची मर्यादा आहे. पण कायदा बाजूला ठेवा, २१-२२ फुटी बोट, इंजिन, पेट्रोल, बर्फाच्या पेट्या असं सगळं मिळून जे वजन होतं ते फक्त पिकअपच्या ब्रेकवर थांबवणं हे स्वतःच्या नि पुढच्या गाडीतल्या माणसांच्या जिवाशी खेळणं आहे.

खरंच ॲक्च्युएटरच गेलाय का

नवीन पार्ट मागवायच्या आधी अर्धा तास काढा. ट्रेलर हिचवर असू दे, एका बाजूचं ब्रेक असलेलं चाक जॅकवर उचला (बाकीच्या चाकांना ठोकळे लावून) आणि ब्रेकअवे केबल (ट्रेलर गाडीपासून सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी) ओढून इमर्जन्सी लीव्हर लावा. चाक पुढच्या दिशेने फिरवून बघा, घट्ट धरलेलं असलं पाहिजे. पुढच्याच दिशेने, कारण ड्रमवाल्या बोट ट्रेलरचे ब्रेक सहसा फ्री बॅकिंग असतात, म्हणजे चाक उलटं फिरलं की ते सुटतात आणि तुम्हाला उगाच वाटेल ब्रेक लागत नाहीत.

चाक फिरतंय? मग लीव्हर लागलेलाच ठेवून त्या चाकाचा ब्लीडर स्क्रू (एअर काढायचा स्क्रू) किंचित उघडा. फ्लुइड जोरात बाहेर आलं तर प्रेशर चाकापर्यंत येतंय, बिघाड चाकात आहे, म्हणजे व्हील सिलिंडर जाम, कॅलिपर जाम किंवा लायनर संपलेत, आणि अशा वेळी नवीन ॲक्च्युएटर बसवून काहीही फरक पडणार नाही. काहीच नाही आलं किंवा नुसते बुडबुडे आले तर मास्टर सिलिंडर, लाइन किंवा रबरी होज बघा. होज बाहेरून चांगला दिसतो पण आतून फुगून बंद झालेला असू शकतो.

मग कपलर हाताने वरखाली हलवून बघा, स्लाइड केसमध्ये खूप खेळत असेल तर आतले बुश किंवा रोलर झिजलेत. फ्लुइडच्या टाकीचं झाकण उघडा. फ्लुइड चहासारखं तपकिरी असेल, तळाला गंजाचा गाळ असेल, तर मास्टर सिलिंडरचं आयुष्य संपलंय. फक्त मास्टर सिलिंडर किंवा फक्त शॉक वेगळा मिळतो आणि केस चांगली असेल तर तेवढंच बदलणं चालतं. पण केसला आतून पापुद्रे सुटलेला गंज असेल तर पूर्ण बदला, माझं मत स्पष्ट आहे, गंजलेल्या केसमध्ये नवीन सिलिंडर टाकून पैसे वाचत नाहीत.

मागवायच्या आधी काय काय बघायचं

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, तुमच्या चाकांना ड्रम आहेत की डिस्क. दोन्हीचे ॲक्च्युएटर बाहेरून अगदी सारखे दिसतात पण आतून वेगळे असतात. ड्रमवाल्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो, तो लाइनमध्ये साधारण १० पीएसआय प्रेशर कायम राखून ठेवतो, कारण ड्रममधल्या स्प्रिंगा ब्रेक शूज मागे ओढतात आणि थोडं प्रेशर राहिलं तर व्हील सिलिंडरचे रबर नीट सील धरतात. तोच व्हॉल्व्ह डिस्कला लागला तर पॅड कधी सुटतच नाहीत, डिस्कला घासत राहतात, हब तापतो, ग्रीस वितळतं आणि हायवेवर बेअरिंग जातं. ड्रमवाला डिस्कला चालत नाही याचं दुसरं कारण म्हणजे डिस्कला प्रेशर जास्त लागतं. तेव्हा ऑर्डरच्या पानावर "ड्रम" का "डिस्क" हे तीनदा वाचा.

दुसरं, वजन. ट्रेलरच्या पाटीवर जीव्हीडब्ल्यूआर (मालासकट जास्तीत जास्त किती वजन चालतं ते) लिहिलेलं असतं, ॲक्च्युएटरची कपॅसिटी त्याहून कमी नको. पाटी गंजून गेली असेल तर ॲक्सलवरची पाटी, टायरचं लोड रेटिंग, आणि बोटीचं इंजिन-इंधनासकट वजन यावरून अंदाज लावा, आणि शंका असेल तर ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर वजन करून या, फार खर्च नाही येत.

तिसरं, बॉलचा साइज. कपलरवरच कोरलेला असतो, २ इंच किंवा २ ५/१६ इंच. दोन इंची बॉलवर २ ५/१६ चा कपलर बसल्यासारखा वाटतो, कुलूपही लागतं, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात निघून येतो. यात अंदाज चालत नाही.

चौथं, बसवायची पद्धत. बोल्टवाला असेल तर टंगची (ॲक्च्युएटर ज्यावर बसतो तो फ्रेमचा पुढचा दांडा) बाहेरची रुंदी, भोकांची संख्या, दोन भोकांच्या केंद्रातलं अंतर, आणि वरच्या कडेपासून भोकाचं अंतर असं सगळं मोजून कागदावर चित्र काढा, फोटो काढा. यूएफपी (आता डेक्सटरच्या छत्राखाली), टाय डाउन, डेमको, टायटन या कंपन्यांची भोकं एकमेकांशी जुळतीलच असं नाही, त्यामुळे केसवरचा स्टिकर किंवा कोरलेला मॉडेल नंबर सापडला तर तोच किंवा त्याचाच नवा अवतार मागवणं सगळ्यात शहाणपणाचं. उदाहरणार्थ यूएफपीचा ए-६० बऱ्याच बोट ट्रेलरवर दिसतो. खूप जुना ट्रेलर असेल तर त्यावर ॲटवुडचा पण सापडेल, तो आता बनत नाही, त्याला पर्यायी शोधावा लागतो.

वेल्ड केलेला असेल तर दोन मार्ग. काही मॉडेलांची फक्त आतली स्लाइड, म्हणजे कपलर, शॉक आणि मास्टर सिलिंडर असा सगळा संच वेगळा मिळतो, बाहेरची केस तशीच राहते आणि कापाकापी वाचते. ते जमत नसेल तर काम वेल्डरकडे द्या. ट्रेलर गॅल्व्हनाइज्ड असेल तर वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो, तो छातीत गेला की माणूस तापाने फणफणतो, आणि शिवाय हा जोड तुटला तर अख्खी बोट रस्त्यावर येणार, म्हणून हौशी वेल्डिंग इथे नको.

जाता जाता ब्रेक लाइनपण बघून घ्या. स्टीलची लाइन गंजलेली असेल तर आत्ताच बदला, कारण जुना नट सोडवतानाच ती पिळून तुटणार आहे. निकेल-कॉपरची ट्यूब घ्या, ती हाताने वळते आणि खाऱ्या पाण्यात टिकते, किंवा ट्रेलरसाठी मिळणारा लांब रबरी होजचा किट घ्या.

हत्यारं आणि सामान

बोल्ट बहुतेक अर्ध्या इंचाचे असतात, त्याला ३/४ चा पाना आणि सॉकेट. ब्रेक लाइनच्या नटासाठी फ्लेअर नट पाना हवाच, साधा ओपन पाना लावला की मऊ नट गोल होतो. ३/१६ च्या लाइनच्या नटाला सहसा ३/८ चा आणि १/४ च्या लाइनला ७/१६ चा लागतो. गंज सोडवायचं तेल, अँगल ग्राइंडर, टॉर्क रेंच, लांब स्क्रू ड्रायव्हर, पारदर्शक नळी, रिकामी बाटली, सीलबंद डॉट ३ ब्रेक फ्लुइड (गॅरेजमध्ये गेल्या वर्षी उघडलेली बाटली नको, ते हवेतलं पाणी ओढून घेतं), डोळ्यांना गॉगल, हातमोजे. नट, बोल्ट, वायसर नवीन घ्या, ग्रेड ५ किंवा कंपनीने सांगितलेलं. हार्डवेअरच्या दुकानातले चकचकीत स्टेनलेसचे बोल्ट इथे वापरू नका, गंजत नाहीत हे खरं पण साधं स्टेनलेस ग्रेड ५ इतकं ताकदीचं नसतं.

डॉट ५, म्हणजे सिलिकॉनवालं, यात चुकूनही मिसळू नका.

जुना काढणं

दोन दिवस आधीपासून सगळ्या बोल्टांवर आणि ब्रेक लाइनच्या नटावर तेल मारत राहा, त्या दिवशी अर्धी मारामारी वाचते.

ट्रेलर सपाट काँक्रीटवर उभा करा, चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावा. टंगच्या खाली, ॲक्च्युएटरच्या मागे, फ्रेमलाच दोन जॅक स्टँड द्या. ट्रेलरच्या स्वतःच्या जॅकवर भरवसा ठेवू नका, काही ट्रेलरवर तो जॅक ॲक्च्युएटरलाच बोल्ट केलेला असतो, म्हणजे तुम्ही जे काढताय त्याच्यावरच सगळं उभं. टंग फ्रेमकडून खाली जड ठोकळ्याला पट्ट्याने बांधून पण ठेवा, आणि काम चालू असताना बोटीत कोणीही चढायचं नाही, विशेषतः मुलं. मागे माणूस उभा राहिला की टंग हवेत उचलली जाऊ शकते.

मग रिझर्व्हॉयरमधलं (फ्लुइडच्या टाकीतलं) जुनं फ्लुइड पिचकारीने ओढून घ्या. खाली कार्डबोर्ड आणि ट्रे ठेवा, फ्लुइड रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. लाइनचा नट फ्लेअर पान्याने सोडा, नट फिरताना ट्यूबही बरोबर फिरत असेल तर थांबा, थोडं घट्ट-सैल करत तेल मुरू द्या. लाइन सुटली की तिच्या तोंडाला रबरी टोपी लावा. डिस्कवाल्यांनी सोलेनॉइडची (करंटवर चालणारा व्हॉल्व्ह, पुढे येईल) वायर कुठे जोडलीये त्याचा फोटो काढून मग सोडवा.

बोल्ट निघत नसेल तर डोकं ग्राइंडरने उडवा आणि पंचने मागे ठोका. टॉर्चने तापवायचा मोह टाळा, आत ब्रेक फ्लुइड आहे, शॉक बंद डबीसारखा आहे, आणि वर बोटीत पेट्रोल आहे. सेफ्टी चेन ॲक्च्युएटरच्याच बोल्टात अडकवलेल्या असतील तर त्या परत कुठे जाणार हे लक्षात ठेवा. ॲक्च्युएटर दिसतो त्यापेक्षा जड असतो, शेवटचा बोल्ट काढताना दुसरा माणूस असू द्या.

नवीन बसवणं

टंगचं तोंड वायर ब्रशने घासून गंज काढा, कोल्ड गॅल्व्हनाइझिंग स्प्रे मारा आणि वाळू द्या. भोकं ओढून लांबट झालीत का बघा. झाली असतील तर त्यात तसाच बोल्ट घालू नका, फ्रेम दुरुस्त करून घ्या.

जमलं तर बसवायच्या आधीच टेबलावर मास्टर सिलिंडरची एअर काढा. तोंडाला नळी लावून ती परत रिझर्व्हॉयरमध्येच सोडायची आणि पुशरॉड हळूहळू दाबायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. नंतरचा बराच त्रास यात वाचतो.

मग ॲक्च्युएटर जागेवर सरकवा, सगळे बोल्ट हाताने लावा, नंतरच घट्ट करा. बोल्ट कुठल्या बाजूने घालायचा हे कंपनीच्या कागदात दिलेलं असतं ते पाळा, कारण काही मॉडेलमध्ये लांब बोल्टाचं टोक आतल्या स्लाइडला अडकतं आणि ब्रेक अर्धाच लागतो. टंग पोकळ चौकोनी नळीची असेल तर आत स्लीव्ह (बोल्टभोवतीची आधाराची नळी) आहे ना बघा, नाहीतर बोल्ट आवळता आवळता नळीच चेपते. टॉर्क कागदात दिलाय तेवढाच द्या.

ब्रेक लाइनचा नट आधी पूर्ण हाताने आट्यात घाला, दोनतीन फेरे सहज गेले पाहिजेत, मगच पाना. फ्लेअर फिटिंगवर टेफ्लॉन टेप लावायची नाही, सील धातू-धातूवर होतं आणि टेपचे तुकडे लाइनमध्ये जातात. फोल्डिंग टंग असेल तर टंग दुमडून बघा, होज ताणला जाता कामा नये.

डिस्कवाल्यांची निळी वायर

ड्रमला फ्री बॅकिंग असतं तसं डिस्कमध्ये काही नसतं. रिव्हर्स घेताना गाडी ट्रेलरला ढकलते, स्लाइड आत जाते आणि ब्रेक लागतात, चढावर तर ट्रेलर हलतच नाही. म्हणून डिस्कच्या ॲक्च्युएटरला सोलेनॉइड असतं, रिव्हर्स लाइट लागली की ते चाकांकडे जाणारं फ्लुइड अडवतं. त्यासाठी ५ पिनांचा सपाट कनेक्टर लागतो, पाचवी वायर निळी. तुमच्या गाडीला ४ पिनांचाच असेल तर सोलेनॉइडला कधी करंटच मिळणार नाही. ७ पिनांच्या गोल सॉकेटमध्ये मधली पिन सहसा रिव्हर्सची असते, त्यातून ५ चा ॲडॅप्टर मिळतो, पण गाडीत त्या पिनेपर्यंत वायर आलीये का हे टेस्टरने बघा. सोलेनॉइडची अर्थिंगची वायर स्वच्छ घासलेल्या फ्रेमवर, आणि जोड उष्णतेने आवळणाऱ्या वॉटरप्रूफ कनेक्टरने. साधी काळी टेप एक सीझनही टिकत नाही.

चेक करायचं तर इग्निशन ऑन, एकाने ब्रेक दाबून रिव्हर्स गिअर टाका, दुसऱ्याने सोलेनॉइडजवळ कान द्या, टक्क ऐकू येतं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक जवळ नेलं तर चुंबकासारखं खेचलेलं जाणवतं.

एअर काढणं

इथे घाई करू नका. ट्रेलर लेव्हलला असू दे. सोलेनॉइडला करंट नको, नाहीतर फ्लुइड पुढे जाणारच नाही. रिझर्व्हॉयर भरा आणि थोडा वेळ नुसतं राहू द्या.

सुरुवात मास्टर सिलिंडरपासून लाइनने सगळ्यात लांब असलेल्या चाकापासून. लांब म्हणजे लाइन कुठून कशी फिरते ते बोटाने मागोवा घेत बघा. ब्लीडरला पारदर्शक नळी लावा, दुसरं टोक बाटलीत थोड्या फ्लुइडमध्ये बुडवून ठेवा. ॲक्च्युएटरला बहुतेक वेळा खालून किंवा बाजूने एक खाच असते, तिथून स्क्रू ड्रायव्हर घालून पुशरॉड ढकलता येतो. एकाने हळू ढकलून धरायचं, दुसऱ्याने ब्लीडर पाव-अर्धा फेरा उघडायचा, फ्लुइड आलं की बंद, मग "सोड" म्हणायचं. ब्लीडर बंद व्हायच्या आत पुशरॉड सोडला तर एअर परत आत ओढली जाते. पंप करायला ब्रेकअवे लीव्हर वापरू नका, तो टप्प्याटप्प्याने लॉक होण्यासाठी आहे, कंपनीच्या कागदात तसं लिहिलं असेल तरच वापरा.

जुनं तपकिरी संपून स्वच्छ फ्लुइड येईपर्यंत आणि एकही बुडबुडा दिसत नाही तोपर्यंत चालू ठेवा, मग पुढचं चाक. दर काही स्ट्रोकनंतर रिझर्व्हॉयर बघा. ते रिकामं झालं की सगळं पहिल्यापासून.

खूप वेळ देऊनही पुशरॉड स्पंजसारखा लागत असेल तर कॅलिपर बघा. ब्लीडर स्क्रू वरच्या बाजूला हवा, एअर वर चढते. आधीच्या मालकाने कॅलिपर उलटे बसवले असतील आणि ब्लीडर खाली असेल तर दिवसभर पंप करा, वरची एअर निघणार नाही. कॅलिपर काढून, पॅडमध्ये डिस्कच्या जाडीचा लाकडी तुकडा घालून, ब्लीडर वर येईल असा धरून एअर काढा आणि मग जागेवर बसवा.

ड्रमवाल्यांनी याच वेळी शूज ॲडजस्ट करा. चाक पुढच्याच दिशेने फिरवत स्टार व्हील (ॲडजस्ट करायची दातेरी चकती) आवळा, ड्रम हाताने फिरेनासा झाला की साधारण १० क्लिक मागे, चाक मोकळं फिरेपर्यंत. शूज सैल असतील तर स्लाइड पूर्ण आत जाऊन टेकते आणि ब्रेक अर्धवट लागतो. जोराच्या ब्रेकला स्लाइड साधारण एक इंचापेक्षा जास्त आत जात असेल तर ॲडजस्टमेंट कमी आहे किंवा एअर शिल्लक आहे.

शेवटी फ्लुइड वरच्या कडेच्या अर्धा इंच खाली ठेवून झाकण लावा, जुनं फ्लुइड काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर द्या, गटारात नाही.

रस्त्यावर नेण्याआधी

लीव्हर लावून प्रेशरखाली सगळे जोड कोरड्या कागदाने पुसून बघा, ओल दिसता कामा नये. मग लीव्हर सोडवा, त्याची स्प्रिंग क्लिप सपाट स्क्रू ड्रायव्हरने उचलावी लागते. अर्धवट सुटलेला लीव्हर म्हणजे घासणारे ब्रेक.

ब्रेकअवे केबल गाडीच्या हिचला किंवा फ्रेमला स्वतंत्र अडकवा, सेफ्टी चेनला नाही आणि बॉलवर तर नाहीच. वळणावर ताणली जाणार नाही इतकी ढील हवी, नाहीतर पार्किंगमध्ये वळतानाच ब्रेक लॉक होतात आणि लोकांना कळत नाही ट्रेलर का अडलाय. रस्त्यावर घासेल इतकी पण ढील नको. चेन टंगखालून फुलीसारख्या.

रिकाम्या पार्किंगमध्ये हळू वेगात पाचसहा वेळा ब्रेक मारा, ट्रेलर मऊपणे धरला पाहिजे. डिस्क असेल तर हलक्या चढावर रिव्हर्स घेऊन बघा. मग दहापंधरा मैल जाऊन प्रत्येक हबचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने तपासा. एक हब बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये, तसं हायवेला नेऊ नका. पन्नासेक मैलांनंतर बोल्टांचा टॉर्क परत बघा, पेंट आणि गॅल्व्हनाइझिंग दबून ते थोडे सैल होतात.

यापुढे खाऱ्या पाण्यातून आलात की रॅम्पवरच्या नळाने ॲक्च्युएटर आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुवा, फक्त प्रेशर वॉशरचा फवारा झाकणावर मारू नका. ग्रीसची निपल दिली असेल तरच ग्रीस, काही बुश कोरडेच चालायचे असतात आणि ग्रीसमध्ये वाळू चिकटून ते लवकर झिजतात. बोट महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर अधूनमधून ट्रेलर जोडून गल्लीतल्या गल्लीत एक चक्कर मारून ब्रेक लावा, स्लाइड आणि व्हील सिलिंडर जाम होत नाहीत. फ्लुइड दर वर्षी सीझनच्या सुरुवातीला उघडून बघा, रंग गेला असेल तर बदला.